आर्कसमोर आठ महिने स्पेक्ट्रोमीटर: सगळं भांडण २४७.९ चं

आर्कमधून, म्हणजे कार्बनच्या दांड्यांमध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोतातून, नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) काढणाऱ्यांना छोटा फायबर स्पेक्ट्रोमीटर नव्यानं सांगायला नको. इतरांसाठी: फायबर नावाच्या काचतंतूतून आलेला प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करून मोजणारा हा डबा. आमचा २०० ते ८५० नॅनोमीटरचा, रिझोल्यूशन दीड; पुढचे आकडेही नॅनोमीटरमधलेच. खरेदीच्या वेळी घासाघीस करून फायबर मात्र साधाच घेतला. यादीत 'सोलरायझेशनला टिकणारा' म्हणून एक महागडा फायबर होता; म्हटलं, विक्रेत्याचे खिसे भरायचे उद्योग. (हसू नका, येतंच आहे पुढे.)

पहिले दोन महिने मी त्याच्यावर फिदा होतो. आर्क पेटला की सी-टूचे, म्हणजे दोन कार्बन अणूंच्या रेणूचे, स्वान नावाचे पट्टे झळकायचे. ५१६.५ ची हिरवी कडा लाल बाजूला एकदम उभी, निळ्याकडे हळूहळू उतरत गेलेली. निकेल-यिट्रियम भरलेला दांडा लावला की ३४० ते ३६५ मध्ये निकेलच्या रेषांची नुसती झुंबड. चेंबरभर हीलियम, धातू दांड्यात पाचेक अणुटक्के, तरी प्रकाशात वट धातूची. निकेलच्या या रेषांना साडेतीन-चार इलेक्ट्रॉनव्होल्ट पुरतात, हीलियमला ५८७.६ ची पिवळी रेषा द्यायला २३ च्या वर चढावं लागतं.

एक फायदा तर पदरात आपणहून पडला. ३८८.३ ला सीएनचा (कार्बन-नायट्रोजन रेणूचा) जांभळा पट्टा वर आला, की कुठून तरी हवा शिरतेय. दाबमापकाचा काटा हलायच्या आधी हा पट्टा चुगली करतो. दोनदा ओ-रिंग त्याच्याच सांगण्यावरून बदलली. एवढ्यासाठीसुद्धा पैसे वसूल, असं तेव्हा वहीत लिहून ठेवलंय.

तिसऱ्या महिन्यापासून कार्बन अणूची २४७.९ ची अतिनील रेषा खाली यायला लागली. आज थोडी, पुढच्या आठवड्यात आणखी थोडी. मी काजळीला धरलं. क्वार्ट्झची खिडकी रोज पुसली, तिच्यावर हीलियमची फुंकर मारणारी नळी बसवली. रेषा उतरतच राहिली. मग डोक्यात आलं, कार्बनचं बाष्पीभवनच कमी होतंय. अॅनोडमधल्या (जळणाऱ्या दांड्यातल्या) भुकटीचं प्रमाण बदललं! तीन आठवड्यांचा माल वाया गेला.

मग विक्रेत्याशी जुंपली. डिटेक्टर मेलाय म्हणून डबा परत पाठवला. दीड महिन्यानं ड्यूटेरियम दिव्याचा (चाचणीसाठीच्या अतिनील दिव्याचा) आलेख जोडून उत्तर आलं, 'उपकरण मर्यादेत आहे.' मी तीन पानी तक्रार ठोकली. आमच्या प्रयोगशाळेतल्या नव्या पोरानं ती वाचली आणि विचारलं, "सर, काजळी असती किंवा कार्बन घटला असता, तर हिरवा पट्टाही पडायला हवा होता ना? तो तर होता तिथंच आहे."

मी गप्प. खणात एक न वापरलेला हातभर फायबर पडून होता, तो लावला. २४७.९ परत ताठ उभी. सर्व्हिसवाल्यांनी चाचणी त्यांच्याच फायबरनं घेतली होती, म्हणून त्यांना काही दिसलं नाही. फायबरमधली साधी सिलिका २६० च्या खालच्या अतिनील प्रकाशात रोज भाजली की तिच्या आत दोष तयार होतात आणि ते नेमका तोच प्रकाश गिळतात; हेच ते सोलरायझेशन. तांबड्या-हिरव्याला काही होत नाही. तक्रार मागे घेतली. माफी मात्र मागितली नाही, कारण त्यांनीही फायबर पाठवा असं एकदासुद्धा म्हटलं नव्हतं.

इथं डब्याबद्दलचं माझं मत बदललं, आणि लगेच पुन्हा बदललं. नवा फायबर आल्यावर आर्कच्या मागच्या खिडकीशी अंतर्वक्र आरसा ठेवून आर्कचा प्रकाश आर्कमधूनच परत पाठवला. हिरवा पट्टा आरशाच्या हिश्शाइतका वाढला. २४७.९ जेमतेम हलली. म्हणजे मधल्या तप्त गाभ्यातला तो प्रकाश भोवतालची थंड कार्बन वाफ आधीच पिऊन टाकते. फायबर नवा असता तरी त्या रेषेच्या उंचीवरून कार्बनचे अणू मोजणं चूकच होतं! १६५.७ च्या आसपासच्या कार्बनच्या मुख्य रेषा तर या डब्याच्या टप्प्यातच नाहीत, आणि उष्णता उधळण्यात त्यांचाच वाटा मोठा. त्यातलं गाभ्यातून किती सुटतं ते निव्वळ उत्सर्जन गुणांकाच्या (वाटेत गिळलेला प्रकाश वजा करून उरलेल्याच्या) गणितातूनच काढावं लागतं. एकूण किरणोत्सर्ग मोजायला म्हणून हा डबा घेत असाल तर घेऊ नका. गळती पकडायला आणि सी-टूवर नजर ठेवायला बेलाशक घ्या.

आता फायबरच्या तोंडाशी साध्या पत्र्याची झडप आहे, मोजायचं तेवढे पाच सेकंद उघडते. सहा आठवडे झाले, रेषा जागेवर आहे. पाचपैकी चार तारे. एक मी फायबरच्या दुसऱ्या बिलापोटी कापलाय. बिल माझ्या कंजुषीचं असलं तरी.