व्हॅक्सिनेशन की इनॉक्युलेशन: मराठीत काय लिहाल?

देवीच्या (स्मॉलपॉक्सच्या) साथींवर मराठीत लिहिताना या दोन्ही शब्दांसाठी सरसकट ‘लसीकरण’ लिहिलं जातं. १८०० नंतरचा काळ असेल तर सहसा खपून जातं. त्याआधीचा असेल, तर सरळ चुकतं.

इनॉक्युलेशन हा थोरला शब्द, आणि मूळचा बागेतला. लॅटिनमध्ये ‘ओक्युलस’ म्हणजे डोळा, आणि झाडाचा डोळाही. आपण उसाचा डोळा म्हणतो, मोसंबीचं कलम डोळा भरून करतो, अगदी तसंच. एका झाडाचा डोळा दुसऱ्यात बसवणं म्हणजे ‘इनॉक्युलारे’. पुढे देवीच्या फोडातला पू निरोगी माणसाच्या कातडीखाली घालण्यालाही हाच शब्द चिकटला. ब्रिटिश राजदूताच्या पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू यांनी १७१८ साली कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) आपल्या मुलाला असं टोचून घेतलं. यात खऱ्या देवीच यायच्या, बहुधा सौम्य. तरी शंभरात एखाददोन जण दगावत, आणि टोचलेल्याकडून शेजाऱ्यापाजाऱ्यांना लागण होई ती वेगळीच.

व्हॅक्सिनेशन आलं गोठ्यातून. ‘व्हॅका’ म्हणजे गाय. इंग्रज डॉक्टर एडवर्ड जेन्नरने १७९६ साली गवळणीच्या हातावरच्या गोदेवीचा (गाईंना होणाऱ्या देवीसारख्या रोगाचा) स्राव एका मुलाला टोचला. १७९८च्या पुस्तकात त्याने या रोगाला ‘व्हॅरिओली व्हॅक्सिनी’, म्हणजे गाईच्या देवी, म्हटलं. १८८१ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चरने जेन्नरच्या सन्मानार्थ हा शब्द इतर रोगांच्या लसींनाही लावला, म्हणून पोलिओच्या थेंबांच्या नावातही आज गाय आहे!

आता निवड. जेन्नरपूर्वीच्या प्रथेला मी ‘देवीचा पू टोचणे’ असंच लिहीन. कानाला गोड नाही, पण घोटाळा उरत नाही. ‘देवी काढणे’ (म्हणजे देवीची लस टोचणे) हा आजीच्या तोंडचा शब्द मला फार आवडतो. मुंबईत १८०२ साली तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉलला गोदेवीची लस टोचली, त्या प्रसंगाला तो शोभेलही. मात्र तरुण वाचकासाठी एकदा उलगडून सांगा. जखमेतून लस येते ती आणि दवाखान्यातली लस, शब्द एकच. त्यामुळे व्हॅक्सीनला ‘लस’ लिहायला काहीच हरकत नाही.

मजकूर प्रयोगशाळेचा असेल, तर इनॉक्युलेशन म्हणजे बशीतल्या खाद्यावर जिवाणू सोडणं. तिथे ‘लसीकरण’ लिहिलंत तर परीक्षक लाल रेघ मारणारच.