नाव १०५० टीआयचं, आत चिप २०१०ची

नवी मुंबईतल्या घणसोली-कोपरखैरणे पट्ट्यात हळदी-लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या पोरांना कामाची ददात नाही. माझा धाकटा भाऊ त्यांच्यातलाच. मोबाइलवर एडिटिंग भागेना, म्हणून साठवलेल्या पैशांतून त्याने ठाण्यातल्या एका दुकानात पस्तीस हजारांच्या आत सेकंडहँड पीसी जुळवून घेतला. दुकानाचं नाव देत नाही. असा माल ऑनलाइनही विकला जातो, त्यामुळे पद्धत कळणं जास्त गरजेचं आहे.

त्यातलं ग्राफिक्स कार्ड 'जीटीएक्स १०५० टीआय, ४ जीबी' असल्याचं सांगितलं होतं. दुकानात विंडोज चालू करून डिव्हाइस मॅनेजर या पीसीतल्या भागांच्या यादीत तेच नाव दाखवलं. निघताना मात्र बजावलं, "ड्रायव्हर अपडेट करू नको रे, सेटिंग बिघडेल."

खरी मेख इथेच होती. घरी टाइमलाइनवर फोर-के क्लिप टाकली की स्क्रीन काळी. डाविंची रिझॉल्व्ह हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या कार्डावर चालेचना. चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया कंपनीचा नवा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, टाकायला गेलो तर तो बसेना. शेवटी जीपीयू-झेड हे फुकट मिळणारं छोटं सॉफ्टवेअर चालवलं. कार्डाच्या नावाआधी त्याने सरळ 'फेक' असं लिहून दाखवलं.

आत निघाली जीटीएस ४५०ची चिप, २०१० सालची. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कुडा कोअर, म्हणजे आकडेमोड करणारे छोटे भाग, असतात, हिच्यात १९२. कार्डाचं बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर, पुन्हा लिहून त्यात खोटं नाव आणि खोटी मेमरी भरतात. विंडोज बिचारं बायोस सांगेल तेच वाचतं. पण एनव्हिडियाने या जुन्या पिढीच्या चिपना नवे ड्रायव्हर देणं २०१८ सालीच थांबवलंय. म्हणून ती 'अपडेट करू नको'ची ताकीद! शिवाय व्हिडिओ एक्स्पोर्ट झपाट्याने करणारा एनव्हेंक हा भाग त्या चिपमध्ये नाहीच. एडिटिंगसाठी कार्ड घ्यायचं ते त्याच्याचसाठी ना? कष्टाच्या पैशांवर असा डल्ला मारणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो.

पैसे देण्याआधी दुकानातच, त्यांच्यासमोर, पेनड्राइव्हवरून जीपीयू-झेड चालवा. एनव्हिडियाच्या साइटवरून १०५० टीआयसाठीचा ड्रायव्हर तिथेच टाकायला लावा. नकार मिळाला तर उठून या. कार्डाला मागे निळा व्हीजीए पोर्ट दिसला तरी सावध व्हा, १०५० टीआयच्या चिपमध्ये ती सोय नाही. बजेट इतकंच असेल तर माझं मत, जुन्या कार्डाच्या नादी लागूच नका. इनबिल्ट ग्राफिक्सचा, इंटेलचा बाराव्या पिढीचा नवा आय-थ्री प्रोसेसर घ्या, त्यातला क्विक सिंक हा व्हिडिओसाठीचा भाग मोबाइलच्या एचईव्हीसी या व्हिडिओ फॉरमॅटच्या क्लिप छान पेलतो. फक्त नावाच्या शेवटी 'एफ' असलेला नको, त्यात ग्राफिक्स नसतं.

बिलावर कार्डाचं मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. आमच्या कच्च्या बिलावर नुसतं 'ग्राफिक कार्ड' आहे, आणि दुकानदार आता 'टेस्टिंग वॉरंटी संपली' म्हणतो. सुदैवाने व्हॉट्सअ‍ॅपवर त्याने स्वतः '१०५० टीआय ४ जीबी' लिहिलेलं आहे. त्यावरच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे: पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. स्क्रीनशॉट आणि कार्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो आम्ही जपून ठेवलेत.