यावलच्या शेतातील 240 चौरस फुटांचे केबिन-घर : दहा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातील आमच्या केळीच्या मळ्यात 24 फूट लांब आणि 10 फूट रुंद असे केबिन उभे केले, आणि तेव्हापासून हिवाळा, उन्हाळा आणि पावसाळा असे तीनही ऋतू मी व पत्नी त्यात राहून पाहिले. शाळेतून निवृत्त झाल्यावर गावातून रोज ये-जा करण्यापेक्षा शेतातच राहावे, केळीची कापणी चालू असताना मजुरांचे हिशेब आणि वजनाच्या पावत्या ठेवायला जागा असावी आणि मे महिन्यात नातवंडे आली की तीच जागा पाच-सहा जणांना पुरावी, अशी अपेक्षा होती. एकच खोली इतकी कामे करणार म्हणून आराखड्यात भिंतीला मिटून बसणारे दोन पलंग, उघडमीट करता येणारे टेबल आणि मधोमध सरकणारा पडदेवजा पार्टिशन असा सगळा थाट मी हौसेने घातला. त्यातले किती टिकले, हे पुढे सांगतो.

सांगाडा लोखंडी चौकोनी पाइपचा, भिंती आणि छत 50 मिलिमीटर जाडीच्या पफ पॅनेलचे (दोन पत्र्यांमध्ये उष्णतारोधक फोम भरलेल्या फळ्यांचे), आणि जमीन सिमेंट फायबर बोर्डाची आहे. शेतरस्त्याच्या वळणावरून दहा फुटी तयार खोके आणणे शक्य नव्हते, म्हणून सर्व भाग सुटे आणून जागेवरच चार दिवसांत जोडले. ही अडचण पुढे उपयोगी पडली, कारण स्क्रू काढून एक खिडकी दक्षिणेकडून पूर्वेकडे हलवता आली.

सर्वांत मोठी चूक पाया घालण्यात झाली. पुरवठादाराने केबिन हलके असल्यामुळे सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवले तरी चालेल असे सांगितले, आणि आयुष्य काळ्या मातीत काढूनही मी ते ऐकले. ही माती उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पाणी मुरले की फुगते. जूनच्या दुसऱ्या पावसानंतर पत्नीने तव्यावर तेल सोडले तर ते मधे न राहता दरवाज्याच्या बाजूला धावू लागले. तिने तवा फिरवून पाहिला, शेगडी फिरवून पाहिली, तेल मात्र त्याच दिशेला जात होते. दोन दिवसांनी दरवाजा चौकटीला घासू लागला आणि सरकते पार्टिशन वरच्या पट्टीत अडकून बसले. गावातला वेल्डर आला, त्याने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, “गुरुजी, मुरूम लागेपर्यंत खणायला पाहिजे होतं.” पावसाने उघडीप दिल्यावर केबिन जॅकवर उचलून आठ ठिकाणी मुरमापर्यंत खड्डे घेतले, काँक्रीट भरले, आणि प्रत्येक खांबाखाली कमी-जास्त करता येणारा बोल्ट बसवला. याच वेळी चारही कोपरे तारेच्या ताणाने जमिनीत जखडून घेतले, कारण केळीचे खोड मोडणारे वादळ रिकाम्या केबिनलाही सोडणार नाही.

आता उष्णतेबद्दल. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो, आणि हा भाग साधारण 21 अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि जुलैच्या मध्याला सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यामुळे भिंतींपेक्षा छताची काळजी अधिक घ्यावी लागते. लांबीच्या भिंती उत्तर आणि दक्षिण बाजूंना ठेवल्याने पश्चिमेचे ऊन फक्त दहा फुटी भिंतीवर येते, एवढा निर्णय बरोबर ठरला. तरीही एप्रिलच्या अखेरीस दुपारी चारला, कूलर बंद असताना, आतील तापमापी 39 दाखवत होती. मग छताच्या दीड फूट वर पाइपचा सांगाडा करून 75 टक्के सावलीची हिरवी शेडनेट ताणली, आणि तशाच दुपारी आकडा 36 पर्यंत उतरला. वरून वारा खेळतो आणि पत्रा तापत नाही, एवढेच त्यामागचे कारण आहे.

गावातल्या आमच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घराशी तुलना केली तर फरक स्पष्ट होतो. दीड हात जाडीच्या मातीच्या भिंती दुपारी थंड राहतात, पण साठवलेली उष्णता रात्री सोडतात, म्हणून तिथे सगळे गच्चीवर झोपत. केबिनच्या भिंतीत साठवण अशी नाहीच. दिवसभर तापते आणि अंधार पडल्यावर खिडक्या उघडल्या की अर्ध्या तासात निवते. दुपारी कुठे बसायचे, हा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही. मार्चमध्ये उत्तरेला आठ फूट रुंदीची ओसरी काढली आणि तो सुटला. दोन खाटा, एक टेबल, हिशेबाची पेटी आणि कूलर हे सगळे आता तिथेच असते. उत्तर बाजू कायम सावलीत असते, ही माझी समजूत मात्र चुकीची निघाली. उन्हाळ्यात सूर्य वायव्येकडे मावळत असल्याने संध्याकाळचे तिरपे ऊन ओसरीत शिरते, म्हणून पश्चिम टोकाला बांबूची तट्टी बांधावी लागली. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर कूलर निरुपयोगी ठरतो, तेव्हा पंखाच लावतो. शेतीच्या फिडरवरची वीज दिवस-रात्रीच्या पाळीने येत असल्यामुळे सौर पॅनेल आणि बॅटरीवर चालणारे, सुमारे 30 वॅट ओढणारे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या, ब्रश नसलेल्या मोटरचे) पंखे घेतले, ते समाधानकारक आहेत.

मिटणाऱ्या पलंगांचे काय झाले, तर जानेवारीनंतर एकही मिटला नाही. गादी, चादरी आणि रजई रोज उचलून कुठे ठेवायच्या, याचा विचार आराखड्यात कोणीच केलेला नव्हता. एक पलंग कायमचा उघडा राहिला, आणि दुसऱ्याची फळी बिजागरीतून काढून पत्नीने दोन विटांवर ठेवली व तिच्यावर कुरडया आणि बिबड्या वाळवल्या, कारण उतरत्या पत्र्याच्या छतावर ते काम करता येत नाही आणि धाब्याची आठवण तिला सर्वाधिक तेव्हाच येते. पार्टिशनच्या जागी जाड कापडी पडदा आहे. नातवंडे आली तेव्हा सगळी ओसरीतच झोपली.

किरकोळ तक्रारी अशा, की थंडीच्या पहाटे स्वयंपाकाची वाफ छतातल्या स्क्रूंवर जमून थेंब पडतात, आणि उंदरांनी एका कोपऱ्यात पफ पोखरला, तिथे जाळी लावली.

ओसरी, शेडनेट आणि पायाची दुरुस्ती धरून एकूण खर्च साडेसहा लाखांच्या घरात गेला. सुरुवातीचा अंदाज साडेचार लाखांचा होता. धाकटा भाऊ शेजारच्या गटात असेच केबिन बसवतो आहे. त्याचे खड्डे मुरमापर्यंत गेले आहेत आणि ओसरी दहा फूट रुंद आहे. मिटणाऱ्या पलंगाची ऑर्डर मात्र त्याने अजून रद्द केलेली नाही.