एक एकर जागा: आधी वेली लावायच्या की आधी वाइन करायची?

जागा एकच एकर, आणि मनात मात्र बागही आहे, वायनरीही. अशा वेळी तीन वाटा दिसतात: द्राक्षे पिकवून वाइनही स्वतः करायची, द्राक्षे विकत आणून फक्त वाइन करायची, किंवा फक्त बाग सांभाळून वाइन दुसऱ्याच्या वायनरीत करून घ्यायची. निवड करण्याआधी जमिनीचा हिशेब मांडून बघा, कारण तो बहुतेकांच्या अंदाजापेक्षा लहान निघतो.

एकर म्हणजे साधारण ६४ मीटर लांब, ६४ मीटर रुंद चौकोन. ओळींच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळायला पाच-पाच मीटर आणि कडेला दोन-दोन मीटर सोडले की जवळपास पाचवा हिस्सा गेला. वायनरीची इमारत तर अजून धरलेलीच नाही. दोन ओळींत अडीच मीटर आणि दोन वेलींत १.२ मीटर अंतर ठेवले तर हजार-अकराशे वेली बसतात. वेलीमागे दोन-सव्वादोन किलो माल धरला तर सव्वादोन-अडीच टन द्राक्षे. एका टनातून ६०० ते ७०० लिटर वाइन निघते. म्हणजे वर्षाला ७५० मिलीलिटरच्या २,००० च्या आसपास बाटल्या.

वेळेत पहिल्या दोन वाटांचा फरक मोठा आहे. वेल लावल्यावर खऱ्या अर्थाने पहिला माल तिसऱ्या वर्षी येतो, पूर्ण उत्पादन चौथ्या-पाचव्या वर्षी. तोवर खुंट, कलमे, खांब, तारा, ठिबक, छाटणी हे सगळे खर्च चालूच. विकत घेतलेल्या द्राक्षांची वाइन मात्र याच हंगामात सुरू होते, आणि पांढरी किंवा रोझे (गुलाबी वाइन) असेल तर पाच-सहा महिन्यांत बाटलीतही जाते.

मग सगळे सरळ विकतच का आणत नाहीत? कारण तोडणीचा दिवस तुमच्या हातात राहत नाही, आणि वाइनचे निम्मे भवितव्य त्या दिवशी ठरते. तुम्हाला २३ ब्रिक्स (रसातली साखर मोजण्याचे माप) हवी असते, आणि बागायतदार २१ लाच तोडतो, कारण त्या दिवशी त्याला मजूर मिळालेले असतात. तोडलेला माल उन्हात ट्रकवर पडून राहिला तर फुटलेले मणी वाटेतच आंबायला लागतात. स्वतःची बाग असली की पहाटे ओळीतून चालत मणी चाखता येतो, बी हिरवी आहे की तपकिरी झाली ते बघता येते, आणि आज नको, परवा, असे म्हणता येते. हे सुख पैशाने मिळत नाही. त्याच्या बदल्यात केवडा आणि भुरी हे बुरशीचे रोग, पाखरे आणि अवेळी पाऊसही तुमचेच.

छोट्या जागेत सर्वांत जास्त मोह वाणांचा होतो. पाच वाण लावले तर प्रत्येकाची जेमतेम ३०० लिटर वाइन होते. टाकी अर्धी रिकामी राहिली की वरच्या हवेने वाइन बिघडते, व्हिनेगरच्या वाटेला लागते. माझे स्पष्ट मत आहे, एक वाण, फार तर दोन.

वायनरीकडे लोक टाक्या आणि पिंपांच्या नजरेने बघतात. खरे काम धुण्याचे आहे, आणि एका लिटर वाइनमागे कित्येक लिटर पाणी लागते. ते आम्लयुक्त सांडपाणी सोडायचे कुठे, हे इमारतीच्या आधी ठरवा. हवा खेळती ठेवणे तर जीवनमरणाचे आहे: आंबताना एका लिटर रसातून ४० लिटरहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत आणि टाकीत साचतो. नुकत्याच रिकाम्या केलेल्या टाकीत डोके घालून बघणाऱ्यांचे प्राण गेले आहेत.

तिसरी वाट, म्हणजे दुसऱ्याच्या वायनरीत वाइन करून घेणे, भांडवल कमी असेल तर चांगली. पण अडीच टन हा मोठ्या वायनरीला किरकोळ माल. ऐन हंगामात टाकी त्यांच्या सोयीने मिळते. लेखी करारात आपल्या द्राक्षांत दुसऱ्याची मिसळणार नाहीत, हे कलम घ्याच.

मला विचाराल तर मी मधली वाट धरेन. परवान्याची खात्री झाल्यावर पहिल्या वर्षी एक टन द्राक्षे विकत घेऊन वाइन करायची, आणि त्याच वर्षी पाव एकरात वेली लावायच्या. स्वतःचा माल येईल तोवर दोन-तीन हंगाम हाताखालून गेलेले असतील, आणि पहिल्या चुका दुसऱ्याच्या द्राक्षांवर होऊन गेलेल्या असतील. उरलेल्या जमिनीत काय लावायचे, हे या पाव एकरातल्या वेली कशा वाढतात ते बघून ठरवता येईल. दोन-तीन तासांच्या अंतरात चांगली द्राक्षे मिळतच नसतील, तर मात्र वेलींनीच सुरुवात करा, आणि तीन वर्षे पुरेल इतका पैसा बाजूला काढल्याशिवाय खड्डे खणू नका.