प्रीपोमॅक्स आणि कॅल्क्युलिक्स: भांडुपच्या वर्कशॉपमधला दोन वर्षांचा अनुभव

आधी कोणासाठी लिहितेय ते सांगते. तुमचं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप असेल, बेस फ्रेम, ब्रॅकेट, हॉपर, लिफ्टिंग लग असली कामं येत असतील आणि डिझाइन बघणारं माणूस एकच असेल, तर प्रीपोमॅक्स हे फुकट सॉफ्टवेअर डाउनलोड करा, आजच करा. मी भांडुपला अशाच एका वर्कशॉपमध्ये डिझाइन बघते, गेली दोन वर्षं हेच वापरतेय, आणि या दोन वर्षांत एफईएच्या (फायनाइट एलिमेंट, म्हणजे वस्तूचे बारीक तुकडे पाडून ती लोडखाली किती वाकेल, किती स्ट्रेस येईल हे कॉम्प्युटरवर काढायची पद्धत) लायसन्ससाठी शेठकडे एकदाही जावं लागलं नाही.

त्याआधी आमच्याकडे एक नामांकित पॅकेज होतं, नाव घेत नाही. वर्षाचं लायसन्स, पैसे लाखांत, आणि आमच्या कामात महिन्यातून फार तर चार-पाच दिवस ते उघडायचं. एका वर्षी रिन्यूअलचं कोटेशन आलं ते आधीच्या दीडपट, शेठ म्हणाले थांबू जरा, आणि तेवढ्यात लायसन्स संपलं. संपलं म्हणजे जुन्या जॉबच्या फाइलीपण उघडेनात. कस्टमर विचारतोय की मागच्या वर्षीच्या फ्रेमची प्लेट ८ ऐवजी १० केली तर काय होईल, आणि माझंच मॉडेल मलाच बघता येत नाही. त्या आठवड्यात मला खरंच रडू यायचं बाकी होतं. डीलरला फोन केला तर तो म्हणे मॅडम, आधी पेमेंट. तेव्हाच ठरवलं की माझं काम माझ्या हातात राहिलं पाहिजे.

आता हे नेमकं आहे काय, कारण दोन नावांमुळे लोकांचा गोंधळ होतो. कॅल्क्युलिक्स हा सॉल्व्हर, म्हणजे आकडेमोड करणारं इंजिन. म्युनिकच्या एमटीयू एरो इंजिन्स या विमानाची इंजिनं बनवणाऱ्या कंपनीतल्या गुइडो डोंट आणि क्लाउस विटिग या दोन इंजिनियरनी ते लिहिलं आणि जीपीएल या मुक्त लायसन्सखाली सगळ्यांना खुलं केलं. त्याची इनपुट फाइल बरीचशी अबॅकस या मोठ्या एफईए पॅकेजसारखी असते, त्यामुळे इथे शिकलेलं उद्या मोठ्या कंपनीत गेलात तरी वाया जात नाही. प्रीपोमॅक्स म्हणजे त्याच्या पुढचं खिडकी-बटणवालं तोंड, मॉडेल आणा, मेश करा (म्हणजे त्याचे बारीक तुकडे, एलिमेंट, पाडा), लोड लावा, रिझल्ट बघा. ते स्लोव्हेनियातल्या मारिबोर युनिव्हर्सिटीच्या मातेय बोरोविन्शेक यांनी केलंय. झिप फाइल उतरवायची, उघडायची, सुरू. सॉल्व्हर आतच येतो. आमचा पहिला अर्धा दिवस तर इन्स्टॉल करायचं काय राहिलंय हे शोधण्यात गेला, काहीच राहिलेलं नव्हतं.

विश्वास कसा बसला ते सांगते, कारण फुकट म्हटलं की पहिली शंका तीच येते.

एका ब्लोअरची बेस फ्रेम आम्ही बनवून दिली होती. डायरेक्ट कपल्ड, मोटर १४४० आरपीएमची. चालू केली की अख्खी फ्रेम आडवी थरथरायची, त्यावर ठेवलेला चहाचा ग्लास सरकत सरकत कडेला यायचा. कस्टमर म्हणे बॅलन्सिंग खराब, बॅलन्सिंगवाला म्हणे फ्रेम खराब, आणि बिल अडकलेलं आमचं. १४४० भागिले ६० म्हणजे २४ हर्ट्झ, म्हणजे फ्रेमची स्वतःची फ्रिक्वेन्सी (ठोकल्यावर ती सेकंदाला जितक्या वेळा आपोआप हलते ती) २४ च्या आसपास असेल तर बॅलन्सिंग कितीही करा, ती हलणारच. मी फ्रेमची स्टेप फाइल, म्हणजे कॅडमधून काढलेलं ३डी मॉडेल, प्रीपोमॅक्समध्ये घेतली, मोटर आणि ब्लोअरच्या जागी साधे ठोकळे ठेवले, त्यांची डेन्सिटी अशी दिली की वजन आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीची उंची खऱ्याशी जुळेल, टाय लावून, म्हणजे चिकटवल्यासारखे, फ्रेमला जोडले आणि स्वतःची फ्रिक्वेन्सी काढणारी फ्रिक्वेन्सी स्टेप चालवली. उत्तर आलं ४१ हर्ट्झ. म्हणजे काही प्रॉब्लेमच नाही! पण ग्लास तर सरकतोय.

आमचे फोरमन काका बाजूला उभे राहून स्क्रीन बघत होते, त्यांनी विचारलं, "मॅडम, हे खाली निळं निळं काय आहे?" मी म्हटलं, काका, हा फ्रेमचा तळ, जमिनीला फिक्स केलाय. तर म्हणाले, "अख्खा तळ कुठे टेकलाय? चार बोल्टवर उभी आहे ती, मधे पॅकिंग घातलंय आम्ही, खालून हात जातो." मी साइटवर जाऊन खरंच हात घालून बघितला. परत आले, तळाचं फिक्सिंग काढलं, फक्त बोल्टखालच्या पॅकिंगएवढ्या चार जागा धरल्या, आणि आकडा आला २६.८.

मग खात्री करायला मोबाइलवर फायफॉक्स टाकलं, हे आखेनच्या युनिव्हर्सिटीचं फुकट अ‍ॅप आहे, फोनमधल्या सेन्सरवरून अ‍ॅक्सिलरेशनचा स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती हालतंय त्याचा आलेख, काढतं. मशिन बंद असताना फोन फ्रेमवर घट्ट चिकटवला, काकांनी रबरी हातोड्याने ठोकलं, स्पेक्ट्रममध्ये टोक आलं २६ च्या जवळ. मॉडेल २६.८, लोखंड २६. त्या क्षणी मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही, सात वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा स्क्रीनवरची वस्तू आणि हाताखालची वस्तू एकच आहे असं वाटलं.

हिशोब साधा आहे. डॅम्पिंग (हालचाल आपोआप शमवणारा विरोध) सोडून दिलं तर २४ ला चालणारं मशिन आणि २६-२७ ची फ्रेम म्हणजे हालचाल पाच ते सातपट वाढणार. आम्ही दोन्ही बाजूंना गसेट (कोपऱ्यातल्या तिकोनी प्लेट) आणि एक आडवा चॅनेल टाकायचं ठरवलं, मॉडेलमध्ये ३८ आलं, त्या हिशोबाने वाढ दीडपटीच्या जरा वर, बस. एका रविवारी साइटवरच वेल्डिंग केलं. सोमवारी ग्लास जागचा हलला नाही आणि पंधरा दिवसांत बिल निघालं.

यात युनिटची एक गोष्ट नवीन लोकांनी मनावर घ्या. कॅल्क्युलिक्सला युनिट वगैरे काही कळत नाही, तुम्ही जे आकडे द्याल ते तो गुमान घेतो. मिलिमीटर आणि न्यूटनमध्ये काम करत असाल तर वस्तुमान टनात जातं, स्टीलची डेन्सिटी ७.८५ई-९ आणि ग्रॅव्हिटी ९८१०. सवयीने ७८५० टाकलंत तर फ्रिक्वेन्सी दहा लाखाने भागून येईल. प्रीपोमॅक्स सुरुवातीलाच युनिट सिस्टिम विचारतं आणि प्रत्येक रकान्यात युनिट दाखवतं, नुसत्या सॉल्व्हरपेक्षा हा फार मोठा आधार आहे.

मेशिंग चांगलं आहे, आत नेटजेन आणि जीमेश ही मेश करणारी दोन्ही इंजिनं आहेत, वेल्डचे बारीक फिलेट (गोलाई) आधी काढून टाकलेत तर सहसा अडत नाही. पण एलिमेंट कुठलं हे बघा. मी शिकाऊ मुलांना पहिल्या दिवशी एक बीम देते: ५०० मिमी लांब, ५० रुंद, २५ जाड, एक टोक फिक्स, दुसऱ्यावर १००० न्यूटन, ई (स्टीलचा कडकपणा) २ लाख एमपीए. कागदावर डिफ्लेक्शन (वाक) बरोब्बर ३.२ मिमी आणि स्ट्रेस ९६ एमपीए येतो. मग तोच बीम पहिल्या ऑर्डरच्या टेट्राने (चार कोपऱ्यांचं, सरळ कडांचं एलिमेंट), म्हणजे सी३डी४ ने, जाडीत एकच थर ठेवून करायला सांगते, डिफ्लेक्शन निम्मंही येत नाही. बीम उगाचच कडक होतो. सेकंड ऑर्डर केलं (कडांच्या मधेही एकेक नोड, म्हणजे बिंदू), सी३डी१०, की तेवढ्याच मेशवर ३.१९. रंग दोन्ही वेळा तितकेच सुंदर दिसतात, म्हणून तर भीती. नॉर्वेचा समुद्रातला स्लाइप्नर ए प्लॅटफॉर्म १९९१ मध्ये बुडाला त्याच्या मुळाशी हेच होतं, एका महत्त्वाच्या जोडाचं मेशिंग कच्चं होतं आणि शिअर स्ट्रेस ४७ टक्के कमी धरला गेला. तिथे तर भारीतलं पॅकेज वापरलं होतं.

आणि आतल्या काटकोनी कोपऱ्यात ६०० एमपीए लाल दिसलं म्हणून घाबरू नका. ई२५० स्टील २५० ला यील्ड होतं, म्हणजे कायमचं वाकायला लागतं, हे खरं, पण मेश बारीक करा, ६०० चे ८०० होतील, अजून बारीक करा, अजून वाढतील. तो आकडा कोपऱ्याच्या धारदारपणाचा आहे. कोपऱ्यापासून थोडं लांब बघा, मेश बदलूनही जो आकडा जागचा हलत नाही तो धरा. वेल्ड फटीगचा (पुन्हा पुन्हा लोड येऊन वेल्ड तडकण्याचा) हिशोब मात्र वेगळा करावा लागतो.

आता त्रास. मॉडेल प्रीपोमॅक्समध्ये दुरुस्त करता येत नाही म्हटलं तरी चालेल, भोक हलवायचं तर परत कॅडमध्ये जा. मी फ्रीकॅड हे फुकट कॅड सॉफ्टवेअर वापरते, त्याचं १.० व्हर्जन २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आलं आणि तेव्हापासून बरंच बरं झालंय, त्यातही एफईएम वर्कबेंच (एफईए करायचा विभाग) आहे आणि आत हाच कॅल्क्युलिक्स, पण मला प्रीपोमॅक्समध्ये निम्म्या वेळात काम होतं. पत्र्याच्या कामाला शेल एलिमेंट (जाडी आकड्याने दिलेला सपाट पृष्ठभाग) वापरताना लक्षात ठेवा की कॅल्क्युलिक्स ते आतल्या आत सॉलिड करून घेतो, त्यामुळे जिथे तीन-चार पत्रे एका रेषेत मिळतात तिथे कधी कधी विचित्र कडकपणा दिसतो. हॉपरच्या एका जॉबला मी दोन दिवस त्यात घालवले, शेवटी तो भाग जाडीसकट सॉलिडच केला. कॉन्टॅक्ट (दोन पार्ट एकमेकांना टेकणं-सुटणं) लावलात की वेळ लागतो आणि कन्व्हर्ज होईलच, म्हणजे उत्तर एका जागी स्थिरावेलच, असं नाही. रिपोर्ट स्वतः वर्डमध्ये बनवायचा. विंडोजशिवाय चालत नाही. सेटिंगमध्ये प्रोसेसरचा आकडा आहे, माझ्याकडे तो १ वर होता आणि मी सहा महिने एका कोअरवर मॉडेल चालवत होते, तो आधी बघा.

सगळ्यात जास्त त्रास सॉफ्टवेअरच्या बाहेरचा आहे. ड्रॉइंग अप्रूव्ह करणारे साहेब रिपोर्ट उघडतात आणि पहिलं नाव बघतात. एका कन्सल्टंटने तर पान न उलटता म्हटलं, हे कुठलं सॉफ्टवेअर, चालणार नाही. मला वाईट वाटलं, कारण त्यातली बाउंड्री कंडिशन (मॉडेल कुठे, कसं धरलंय ते) मी चार वेळा तपासली होती आणि त्याबद्दल एक प्रश्नही आला नाही. आता मी रिपोर्टच्या पुढेच दोन पानं जोडते: वरचा बीम कागदावरच्या हिशोबासकट, आणि नाफेम्सचा एलई१ बेंचमार्क (सॉफ्टवेअर तपासायचं ठरलेलं गणित), त्याचं ठरलेलं उत्तर ९२.७ एमपीए आहे आणि माझ्या मेशवर किती आलं ते. नाफेम्स ही १९८३ पासूनची संस्था, सॉफ्टवेअर कुणाचंही असो, तपासायची पट्टी एकच. ही पानं जोडायला लागल्यापासून दोन जागी अप्रूव्हल मिळालंय, त्या पहिल्या साहेबांकडे अजून नाही.

ज्यांची कामं रबराची, क्रॅशची किंवा शेकडो पार्टच्या असेंब्लीची आहेत त्यांनी पैसे मोजून मोठं पॅकेज घ्या, तिथे ते पैसे वसूल होतात. नुसत्या कॉलम-बीमच्या शेडला स्टाड हे स्ट्रक्चरल सॉफ्टवेअरच बरं. बाकी आमच्यासारख्यांना मोठी मशिन लागत नाही, माझा १६ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे, दोन-तीन लाख नोडपर्यंत साधं स्टॅटिक (स्थिर लोडचं) मॉडेल चहा पिऊन येईपर्यंत होतं. डाउनलोड केलंत की तो ५०० चा बीम आधी करा, ३.२ आलं की मग तुमचा जॉब उघडा, नाही आलं तर एलिमेंटची ऑर्डर आणि फिक्स केलेली बाजू बघा, नव्वद टक्के वेळा तिथेच सापडतं.