इमोजी कीबोर्ड: हृदयं रंगीबेरंगी, काळजाचा पत्ता नाही

फोनमधल्या इमोजी कीबोर्डला मी पाचपैकी तीन तारे देते. रोज वापरते, तो नसेल तर अडेलही. पण जीवशास्त्र शिकवणाऱ्या बाईला एक गोष्ट खटकतेच. माणसाच्या झाडून सगळ्या भावना यांनी एकट्या हृदयाच्या गळ्यात मारल्यात.

लाल, पिवळं, हिरवं, निळं, जांभळं, काळं होतंच. नारिंगी 2017 मध्ये आलं, पांढरं आणि तपकिरी 2019 मध्ये, गुलाबी, फिकट निळं नि राखाडी 2022 मध्ये. शिवाय तुटलेलं, पट्टी बांधलेलं, पेटलेलं. 2020 मध्ये तर महाधमनीसकट खरंखुरं हृदय दिलं आणि जोडीला फुप्फुसं. मेंदू त्याआधीपासून आहे. यकृत, जठर, आतडं, मूत्रपिंड यांचा मात्र पत्ता नाही.

मग बहिणीचा निरोप येतो, ‘पोरीला रात्रभर ताप होता.’ वाचून माझ्या काळजात चर्र होतं. आता यातलं कुठलं हृदय पाठवू? राखाडी?

मराठीने भावना अंगभर वाटल्यात. लेकरासाठी आतडं तुटतं, दुसऱ्याची बढती ऐकून पोटात दुखतं, निकालाच्या आदल्या रात्री पोटात गोळा येतो, कौतुकाने ऊर भरून येतो. यातलं बरंचसं अगदी अंगावरून उतरवून घेतलेलं आहे. भीती वाटली की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, पचनसंस्थेकडचं रक्त स्नायूंकडे वळतं, जठराचं काम मंदावतं. तोच तो गोळा. अंगावर काटा येतो तेव्हा प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला चिमुकला स्नायू खरोखर आखडतो.

2014 मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी सुमारे 700 लोकांना शरीराच्या कोऱ्या आकृत्या देऊन कुठली भावना कुठे जाणवते ते रंगवायला सांगितलं होतं. रागाचा रंग छाती, डोकं आणि हातांवर चढला, दुःखात हातपाय थंडावले, आनंद तेवढा सर्वांगभर पसरला. पुढे 2024 मध्ये तिथल्याच अभ्यासकांनी मेसोपोटेमियाच्या अक्कडी भाषेतल्या जुन्या मजकुरांवरून असेच नकाशे काढले. त्यात आनंद यकृतात निघाला आणि राग पायांत! आपली तळपायाची आग मस्तकात जाते, ती निघते तिथूनच की.

दुसरा गठ्ठा मात्र अंगाने सांगितलेला नाही, जुन्या वैद्यकाने शिकवलेला आहे. पित्त खवळलं असं आपण म्हणतो, पण पित्त खवळल्याचं आतून कोणाला कळतं? ग्रीकांनी उदासीचं खापर काळ्या पित्तावर फोडलं, चिनी भाषेत धीट माणसाचं पित्ताशय मोठं असतं. इंडोनेशियात ‘हाती’ म्हणजे यकृत आणि मन दुखावलं की तेच दुखतं. वैद्यक मागे पडलं, शब्द तेवढे राहिले. बुद्धी आणि भावना दोन्ही हृदयात असतात, मेंदू फक्त रक्त थंड करतो, हे अ‍ॅरिस्टॉटलचं म्हणणंही त्यातलंच. कीबोर्डवाले अजून त्याच्याच वर्गात बसलेत.

काळीज तर या दोन्ही गठ्ठ्यांत पाय ठेवून आहे. हिंदीतला कलेजा म्हणजे मुळात यकृत, आपलं काळीजही त्याच घरातलं. पण ते धडधडायला लागलं आणि बरगडीखालून उठून छातीत येऊन बसलं. यकृत काही धडधडत नाही. उत्तरपत्रिकेत कोणी ‘काळीज धडधडते’ लिहिलं तर मी गुण कापीन, घरी मात्र मीही तेच म्हणते.

आता कौतुकाचं. लाल वळणदार रेघांचं एक रागाचं चिन्ह आहे, ते जपानी चित्रकथांतून आलंय. कपाळावरच्या ताठलेल्या शिरा आहेत त्या! कोणी समजावून न सांगता राग कळतो. डोक्याचा स्फोट झालेला चेहराही मला आवडतो, डोकं फिरलं म्हणायला सोयीचा. नाकपुड्यांतून वाफा सोडणारा चेहरा आमच्या घरात चिडलेल्या माणसाचा. 2010 मध्ये त्याला युनिकोडने, म्हणजे इमोजी ठरवणाऱ्या संस्थेने, दिलेलं अधिकृत नाव मात्र विजयी मुद्रेचं होतं. जिंकल्यावर कोणाच्या नाकातून वाफ येते?

शोधाच्या चौकटीचा अर्धा तारा मी मुद्दाम कापला. माझ्या फोनवर ‘हृदय’ टाइप केलं की रांग लागते, ‘काळीज’ टाइप केलं की पाटी कोरी. नवं चित्र नाही काढलं तरी चालेल, निदान हा शब्द त्या लाल बदामाला जोडून द्या. आतडं आणि पोटाच्या गोळ्याचं मी शब्दांतच भागवीन.