जुने भाग पिशवीत, बिघाड जागच्या जागी

सर्व्हिसिंगहून माझा स्कूबा डायव्हिंगचा रेग्युलेटर, म्हणजे पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वासाजोगी करून तोंडात देणारं उपकरण, परत आला तेव्हा सोबत एक छोटी प्लास्टिकची पिशवी होती. आत काळपट ओ-रिंगा (रबरी कड्या), एक झिजलेली सीट (हवेची वाट बंद करणारा भाग) आणि हिरवट पडलेला फिल्टर. "हे तुमचे काढलेले भाग," दुकानदार म्हणाला. न मागता जुने भाग हातात देणारा माणूस फसवेल असं कोणाला वाटेल? मी ती पिशवी ड्रॉवरमध्ये टाकली आणि विसरून गेलो. फेकली नाही, हे नशीब.

तक्रार साधी होती. सिलिंडर उघडून ठेवला की चार-पाच मिनिटांनी सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, हलकी फुसफुस करायची. हवा हाताने सोडायचं पर्ज बटण दाबलं की थांबायची, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. बिल पूर्ण सर्व्हिसचं लागलं: फर्स्ट स्टेज (सिलिंडरला जोडायचा भाग), सेकंड स्टेज आणि ऑक्टोपस (जोडीदारासाठीची जादा सेकंड स्टेज) उघडून अल्ट्रासॉनिक यंत्रात धुणं, सीटा, ओ-रिंगा, फिल्टर सगळं नवीन. बाहेरचं क्रोम असं चकाकत होतं की बघत राहावं. फुसफुसही बंद. मी खूश.

पाण्याखाली मात्र श्वास जड लागू लागला. २० मीटरवर जाणवायचं, ३० मीटरवर तर ओढून घ्यावा लागायचा. तिथे दाब ४ बार, हवा पृष्ठभागापेक्षा चौपट दाट, म्हणून जड वाटत असेल अशी मीच माझी समजूत घातली. दुकानदाराला विचारलं, तर म्हणाला, "फार हलका ठेवला की फ्री फ्लो होतो, हवा आपोआप सुटत राहते, म्हणून जरा कसून ट्यून केलाय." हे वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते माझ्या गळी उतरलं.

पुढे आमच्यातल्या एका अनुभवी बाईंकडे मी स्वतःचा रेग्युलेटर स्वतः उघडायला शिकू लागलो. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरला हातही लावू दिला नाही. आधी बीसीडीच्या (हवा भरून तरंगायच्या जॅकेटच्या) इन्फ्लेटर होजला, म्हणजे त्यात हवा नेणाऱ्या नळीला, एक दाब मोजणारा गेज जोडला आणि म्हणाल्या, "नुसता काटा बघत बस."

फर्स्ट स्टेजचं काम असं, की सिलिंडरमधला २०० बारचा दाब भोवतालच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इतक्यावर आणायचा आणि तिथेच रोखायचा. श्वास घेतला की काटा खाली जावा, लगेच परत यावा आणि थांबावा. माझा काटा ८ वर आला आणि थांबलाच नाही. ९, साडेनऊ, १०... मुंगीच्या पावलांनी वर. याला क्रीप म्हणतात. सीट झिजली की ती पूर्ण बंद होत नाही, हवा झिरपत राहते. दाब फार वाढला की सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह आपणहून उघडतो. होज फुटू नये म्हणून त्याची रचनाच तशी असते. म्हणजे ती फुसफुस हा दुखणं सांगणारा आवाज होता. दुकानात दुखण्याला हात लावला नव्हता, आवाजाचा गळा दाबला होता. फर्स्ट स्टेजचा दाब खाली उतरवला आणि सेकंड स्टेज आवळली. दोन स्क्रू, फार तर दहा मिनिटांचं काम.

आवळल्याची खात्री बादलीत झाली. माउथपीस वर धरून सेकंड स्टेज हळूहळू पाण्यात उतरवायची. तिच्यातला डायाफ्राम (रबरी पडदा) किती खोल गेल्यावर हवा सुटते, तेवढा जोर श्वास सुरू करायला लागतो. नीट जुळवलेली सेकंड स्टेज अडीच ते चार सेंटिमीटरला बोलते. माझी पाणी माउथपीसच्या तोंडाशी आलं तरी गप्प.

मग फर्स्ट स्टेज उघडली. सीटवर खोल गोल खाच. आणि हिरवा पडलेला फिल्टर आपल्या जागी तस्साच! तो बघायला तर काही उघडावंही लागत नाही, हवा आत शिरते त्या तोंडातून टॉर्च मारला तरी दिसतो. मला तो सर्व्हिसिंगहून घरी आणला त्याच दिवशी दिसला असता. देण्याआधी एक फोटो, आणल्यावर एक फोटो, एवढं तरी तुम्ही करा. आणि दाब आधी किती होता, नंतर किती केला, हे आकडे लिहून मागा. खरं काम करणाऱ्याकडे ते असतातच, त्याशिवाय जुळवणी होत नाही.

घरी आल्यावर पिशवी आठवली. बाईंना दाखवली. त्यांनी सीट बोटांवर फिरवली आणि हसल्या. ती पिस्टन प्रकारच्या फर्स्ट स्टेजची होती. माझी डायाफ्राम प्रकारची.

दुकानदाराला फोन केला. "पिशव्यांची अदलाबदल झाली असेल," तो म्हणाला. आणि माझ्या आतला जुना फिल्टर? त्यावर "घेऊन या, फुकटात परत करून देतो." मी गेलो नाही.

ऑक्टोपस आम्ही शेवटी उघडला. तोही बिलात होताच. झाकणाच्या आट्यांमध्ये मीठ इतकं घट्ट बसलं होतं की कोमट पाण्यात बराच वेळ बुडवून ठेवावं लागलं. तो कोणीही उघडलेलाच नव्हता. आतल्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड एका बाजूला फाटलेली. म्हणजे श्वास घेणाऱ्याच्या तोंडात हवेबरोबर पाणीही आलं असतं. वर्षभर तो माझ्या छातीवर लटकत होता, जोडीदाराची हवा संपलीच तर त्याच्या तोंडात द्यायला.